एका घरात राहणारी माणसं

"माझा थोरला कमावतो. त्याला दुसरीकडे खोली घेऊन दिली तर त्याचा पगार धरणार नाहीत ना?" समोरच्या बाईंनी हे इतक्या हळू विचारलं की तिला टेबलावर पुढे वाकावं लागलं. बाई केस कापायच्या दुकानात कामाला होत्या. बोटांच्या पेरांवर रंगाचे काळसर डाग होते आणि ते लपवायला त्या दोन्ही हात मांडीवर धरून बसल्या होत्या. शेजारी त्यांची मुलगी, हुशार मुली असतात तशी ताठ, आईनं असलं काही विचारावं याचा राग गिळत बसलेली. शनिवारची सकाळ. विद्यापीठाच्या मोठ्या दालनात टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलाशी एक जुना विद्यार्थी आणि त्याच्यासमोर फीमध्ये मदत मागायला आलेलं एकेक कुटुंब. तीही इथली जुनी विद्यार्थिनी, दर वर्षी या कामाला येई. अर्ज कसा भरायचा, कुठली कागदपत्रं जोडायची, हे ती समजावून सांगे आणि घरी जाताना तिला बरं वाटे. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. चालेल की, पण नुसतं कागदावर नको, त्यानं खरोखरच वेगळं राहायला हवं, असं ती म्हणणार होती. एखाद्याला आपल्या घराचा पत्ता सांगावा तितक्या सहज म्हणणार होती.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरचा, मदत विभागातला म्हातारा कारकून मध्येच बोलला. त्याचा कान सगळ्या टेबलांवर असे. "अहो बाई, भावाबहिणींचा पगार धरतच नाहीत. फक्त आईवडिलांचा. मुलगा घरी राहू दे नाहीतर माळ्यावर राहू दे, आम्हाला काय करायचंय?" बाई हसल्या. इतका मोठा श्वास सोडला त्यांनी की मुलीनंही मान वर केली. "मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या, "त्याला उगाच कशाला बाहेर काढायचं." तिनं कारकुनाला विचारलं, "हे कधीपासून?" "काय कधीपासून?" "भावाचा पगार न धरणं." कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "कधीपासून म्हणजे? कधी धरतच नव्हते. मी टायपिस्ट म्हणून लागलो तेव्हाही हेच होतं. ते एका घरात राहणारी सगळी माणसं वगैरे, ते सरकारी क्वार्टरच्या अर्जात असतं. आमचं तसं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं? एवढी वर्षं येताय." ती म्हणाली, "लक्षात नव्हतं." मग बाईंचा अर्ज तिनं पूर्ण भरून दिला. अक्षर नीट आलं. शेवटच्या पानावर एक चौकट होती, फीमधून मदत वजा करून उरलेला आकडा लिहायची, आणि तिच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आपल्या कुटुंबाला येणारा खरा खर्च'. तिनं आकडा लिहिला. बाईंनी तो वाचला, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं आणि म्हणाल्या, "जमेल." त्या दोघी गेल्यावर तिनं पुढच्या कुटुंबाला दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, जरा बरं वाटत नाही म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन पाण्याच्या नळाशी उभी राहिली. पाणी प्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

तिचे बाबा पाण्याच्या मीटरचे आकडे घेत. गल्लोगल्ली फिरून, जिन्याखाली वाकून, लोखंडी झाकण उचलून, खिशातल्या फडक्यानं काच पुसून मग आकडा लिहायचा. घर बंद असलं की त्यांच्या बरोबरचे लोक मागच्या वेळचा आकडा बघून अंदाजे ठोकून देत. बाबा संध्याकाळी पुन्हा जात. संध्याकाळीही कुलूप असलं तर सुट्टीच्या दिवशी जात. आई चिडे. म्हणे, एका आकड्यानं काय समुद्र आटणार आहे का? बाबा चप्पल शोधत म्हणत, "जे बघितलं नाही ते लिहायचं कसं?" यात शौर्य गाजवायचा भाव अजिबात नसे. त्यांना खरंच जमत नसे ते. कुणाला पोहता येत नाही तसं त्यांना खोटं लिहिता येत नव्हतं. वरच्या मजल्यावरचे काका तिच्या निकालाचे पेढे खाता खाता म्हणाले होते, अहो, थोरल्याचा पगार दाखवूच नका, कोण बघायला येतंय? बाबा नुसते हसले. मग काकाच म्हणाले, बरं, तो वेगळा राहतो असं लिहा. बाबांनी पेढ्याचा उरलेला तुकडा खाली ठेवला. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ते म्हणाले, "लिहायला हरकत नाही. पण मग तसं असायला हवं."

तसं असायला हवं. हे वाक्य त्या घरात चार वर्षं भांड्यांसारखं नांदलं. बाबांच्या खात्याच्या अर्जांमध्ये कुटुंब म्हणजे एका घरात राहणारी सगळी कमावती माणसं. बाबांनी आयुष्यभर तेच अर्ज भरले होते आणि कुटुंबाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. विद्यापीठात जाऊन विचारता आलं असतं. पण खिडकीशी उभं राहून विचारणं त्यांना हात पसरल्यासारखं वाटे, आणि आधीच मदत मागतोय, त्यात आणखी शंका कुठे काढायच्या. दादा तेव्हा घराजवळच्या काचेच्या दुकानात काच कापायचं काम करत होता. तो म्हणाला, "मालकाच्या मेहुण्याचं दुकान आहे दोन तासांवर. त्याला माणूस हवाय." इतकंच. त्यानं ते इतक्या झटकन सांगितलं की सगळ्यांना वाटलं, त्याच्या मनात होतंच. आईनं त्याची वळकटी बांधली. दारात बाबा त्याला म्हणाले, "चार वर्षांचा तर प्रश्न आहे." तो म्हणाला, "पेन्सिलला नीट शिकवा म्हणजे झालं." ती काटकुळी होती म्हणून तो तिला पेन्सिल म्हणे. त्या दिवशी ती रडली होती, पण दुपारी. संध्याकाळी त्याच्या खिडकीतल्या पलंगावर तिनं आपलं अंथरूण घातलं आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात उशिरापर्यंत जागी राहिली. तिला फार छान वाटलं होतं.

व्हरांड्यातून ती बाहेर पडली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागली. दादाकडे तिला उद्या जायचंच होतं. बाबांनीच पाठवलं होतं. महिन्यापूर्वी ते बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ते भिंतीला हात लावून चालत आणि आपण भिंतीला हात लावत नाही असं दाखवत. आई जाऊन पाच वर्षं झाली. तिनं त्यांना आपल्याकडे चला म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, लिफ्टची मला सवय नाही, जशी काही लिफ्ट म्हणजे एखादं व्यसन. मग गेल्या आठवड्यात, ती निघायला चपला घालत असताना, त्यांनी पेपराआडून विचारलं, "थोरला इकडे राहायला येईल का गं? त्या दुकानाचं आता काही खरं नाही म्हणतो. इकडेही काचेचं काम मिळेलच." ती म्हणाली, "विचारा की तुम्ही." पेपर हलला. "मी विचारलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही. तू विचार. तुला तो मोकळं सांगेल." त्यांचे कान लाल झाले होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे कान लाल झालेले तिनं पहिल्यांदाच पाहिले. बाबांना या आयुष्यात आता एवढी एकच गोष्ट हवी होती आणि ती आणून देणं तिच्या हातात आहे असं तिला वाटलं होतं. काल रात्री तिनं काय बोलायचं तेही ठरवलं होतं, थोडं हसत, थोडं लाडात. आता बसमध्ये बसल्यावर त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

तिचं पोटपाणी अटी वाचण्यावर होतं. मोठ्या कंपन्यांचे करार तिच्यापुढे येत आणि त्यातल्या बारीक छपाईतली एखादी ओळ ती अशी उचलून दाखवी की साहेब लोक तिच्याकडे बघत राहत. म्हणजे काय, पूर्वी वाचलं नव्हतं तेवढं एकच. सतरा वर्षांच्या मुलीनं वाचायला हवं होतं असं कुणी म्हणणार नाही. पण नंतर दर वर्षी अर्ज नव्यानं भरावा लागे, आणि दर वर्षी बाबा तो टेबलावर पसरून, दिवा जवळ ओढून, मीटरच्या आकड्यांसारख्या उभट अक्षरात भरत. घरातील माणसं, तीन. ती शेजारीच अभ्यास करत असे. अठराव्या वर्षी, एकोणिसाव्या, विसाव्या वर्षी, कायदा शिकत असताना, कोपराला कोपर लागेल इतक्या अंतरावर तो कागद असे आणि तिनं मान वळवून तो कधी बघितला नाही. तो बाबांचा प्रांत होता. शिवाय मान वळवली असती तर त्या तीनकडे बघावं लागलं असतं. बस एका पुलावरून गेली. शेजारचा माणूस झोपेत तिच्या खांद्यावर कलला आणि तिनं त्याला तसाच राहू दिला.

दादा महिन्यातून एकदा येई. शनिवारी दुपारी यायचं, रविवारी दुपारी जायचं, असं बाबांनी ठरवून दिलं होतं. पाहुणा एक रात्र राहू शकतो, त्याला काही कुणी घरात राहणारा माणूस म्हणणार नाही, असा त्यांचा हिशेब. त्याचं काहीही घरात राहता कामा नये. दादा दात घासायचा ब्रश शर्टाच्या खिशात घालून येई आणि जाताना सगळ्यांना दाखवून परत खिशात घाले. "साक्षीदार घेऊन चाललो," म्हणे. आई हसे, आणि मग ओट्याकडे तोंड करून उभी राही. पैसे त्यानं घरी द्यायचे नाहीत. दिले तर ते उत्पन्नात लिहावे लागतील. म्हणून तो वस्तू आणी. एकदा तिच्या अभ्यासाच्या टेबलावर बसवायला जाड काच घेऊन आला, कडा इतक्या घासलेल्या की गालावरून फिरवावी. बाबा काचेकडे बघून विचारात पडले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, हा दुकानातला उरलेला तुकडा आहे. याला भाव नाही." एका शनिवारी तो तापानं फणफणलेला आला. रविवारी त्याला उठवेना. बाबा त्याच्या उशाशी बसले, कपाळावर पट्ट्या ठेवत. सोमवारी रात्री ते कामावरून आले आणि कपडे न बदलताच पुन्हा बसले. मंगळवारी सकाळी ताप जरा उतरल्यावर त्यांनी त्याला शालीत गुंडाळलं, रजा टाकली आणि स्वतः बसनं दोन तास नेऊन त्याच्या खोलीवर सोडून आले. आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही. ते मात्र सगळ्यांशी नेहमीसारखं बोलत होते आणि जेवत नव्हते. त्यांना आपण क्रूर वागलो असं वाटलं असेल का, हे तिला आजवर कळलेलं नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की पोरगी शिकली पाहिजे आणि लिहिलेलं खरं असलं पाहिजे, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र बसवायला जी जागा लागत होती ती दादाची होती.

आणि ती? विद्यापीठात तिच्याभोवती जी मुलंमुली होती त्यांना भाऊ म्हणजे विमानतळावर न्यायला येणारा माणूस. मला एक भाऊ आहे, तो दुसरीकडे असतो, असं ती सांगे. दुसरीकडे या शब्दात पुष्कळ मावतं. काय करतो विचारलं तर म्हणे, काचेच्या व्यवसायात आहे. एका मैत्रिणीनं, वा, कारखाना आहे का, असं विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली नाही, विषय बदलला. खरं तर लाजेपेक्षा दुसरीच गोष्ट तिला आता बसच्या खिडकीशी टोचत होती. दादा गेल्यापासून ते घर शांत झालं होतं. दोन खोल्यांपैकी एक जवळजवळ तिची झाली होती. त्याचं शीळ घालणं नाही, त्याचे मित्र नाहीत, दाराची उघडझाप नाही. तिला अभ्यास सुचे. शनिवारी तो यायचा असला की तिला आनंद होई आणि रविवारी तो गेला की बरं वाटे. दोन्ही खरं होतं. पहिलं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं.

दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दारात आरसे उभे करून ठेवलेले, त्यामुळे आत शिरणाऱ्याला आधी आपणच आपल्याकडे येताना दिसतो. दादा मोठ्या टेबलाशी वाकलेला होता. टेबलावर जुना गालिचा अंथरलेला, त्यावर काचेचा मोठा ताव. त्यानं तिला बघितलं, मान हलवली आणि थांब असा हात केला. लाकडी पट्टी धरून त्यानं काच कापायची हिरकणी ओढली. तो आवाज तिला लहानपणापासून ओळखीचा, दातांत शिरणारा. मग काच टेबलाच्या कडेवर आणून त्यानं दोन्ही हातांनी जरासा दाब दिला आणि ती त्या रेघेवर गुमान दोन झाली. "अर्ध्यात थांबलो असतो तर वाकडी गेली असती," तो म्हणाला. "आज कशी काय? उद्या येणार होतीस ना?" केस कानाजवळ पांढरे झाले होते. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा. त्यानं स्टूल पुसून पुढे केलं आणि शेजारच्या टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. एखाद्याचं लग्न न होणं म्हणजे काय हे त्या दुकानात लगेच कळे. सगळं जागच्या जागी होतं. एकदा ठरलं होतं त्याचं कुठेसं, पण मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा आईवडिलांपासून वेगळा का राहतो? काय भांडण झालंय? त्याला काय सांगावं ते सुचलं नाही, आणि ते तिथंच राहिलं.

 चहा आल्यावर तो न पिताच तिनं सांगितलं. केस कापणाऱ्या बाई, त्यांचा थोरला, कारकून. "भावाचा पगार ते धरतच नव्हते, दादा. कधीच नाही. तू घरी राहिला असतास तरी मला तेवढीच मदत मिळाली असती." दादानं कप टेबलावर ठेवला. मग तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग जोरात, इतका की मागच्या खोलीतून मालक डोकावून गेला. "म्हणजे तो ब्रश," तो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलता येईना. "मी तो ब्रश खिशातून नेत होतो, बसमध्ये लोक बघायचे, वाटायचं त्यांना, हा माणूस कुठे दात घासायला निघालाय." तीही हसली. हसता हसता तिला रडू आलं, आणि त्यानं ते बघून न बघितल्यासारखं केलं, टेबलावरचा काचेचा चुरा ब्रशनं डब्यात लोटला.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. त्यांच्यापाशी तेवढी एकच गोष्ट आहे. कुणी आलं की अजून सांगतात ना, आम्ही एक अक्षर खोटं लिहिलं नाही म्हणून?"

"सांगतात. पण तुझी चार वर्षं गेली त्याच्यात. फुकट गेली."

"चार वर्षांचं काही नाही गं," तो म्हणाला. तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की तिला हायसं वाटलं, आणि आता विचारावं, बाबांचं काम करून टाकावं, असं मनात आलं. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. "चार वर्षं ठरलेलीच होती. मी दिवस ढकलत होतो असंही नाही, मजेत होतो. तुझ्या पदवीदानाला आलो होतो बघ. मोठी बॅग घेऊन."

तिला बॅग आठवेना. बाबांचा कडक इस्त्रीचा शर्ट आठवला, आईनं सारखं तिच्या काळ्या झग्याला हात लावून बघणं आठवलं, चौघांचा फोटो आठवला.

"सगळं सामान होतं त्यात. खोली सोडून आलो होतो. मालकाला म्हटलं होतं, बहुतेक परत येणार नाही. घरी आलो, जेवलो. आई म्हणाली, एवढी मोठी बॅग कशाला आणलीस? मी काय बोलणार? म्हटलं, धुवायचे कपडे आहेत. तर तिनं सगळे काढून घेतले. म्हणाली, धुवून ठेवते, पुढच्या महिन्यात येशील तेव्हा ने." त्यानं चहाचा घोट घेतला. "मग संध्याकाळी तुम्ही सगळे मला सोडायला आलात. बाबा फार खूश होते. बस हलेपर्यंत हात करत होते. मी रिकामी बॅग मांडीवर घेऊन आलो. खोलीत दुसरा माणूस आला होता, मग चार दिवस इथंच झोपलो, या टेबलाखाली."

"तू म्हणायचंस ना. एकदा म्हणायचंस, मी परत आलोय म्हणून."

"कसं म्हणू? माझंच घर होतं ते. आपल्या घरात येऊ का म्हणून विचारतात का कुणी?" तो रागावला नव्हता. खूप वर्षं घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं ते. "मला वाटलं, कुणीतरी म्हणेल. आता संपलं ना शिक्षण, ये आता. पुढच्या महिन्यात म्हणतील. मग वाटलं, विसरलेत. मग वाटलं, बरं चाललंय त्यांचं. मग काही वाटेनासं झालं."

ती एकवीस वर्षांची होती तेव्हा. त्या संध्याकाळी बसथांब्यावरून परत येताना आईचा हात धरून आपण काय बोलत होतो हे तिला आता लख्ख आठवलं. पुढच्या महिन्यात नोकरी लागली की खिडकीला नवा पडदा करू या, असं ती बोलत होती. एका जादा माणसाची जागा त्या घरातून पुसली गेली होती, आणि ती कुणी पुसली नव्हती. बाबांनी नाही, आईनं नाही, तिनं तर नाहीच. चौघंही एकमेकांवर जीव टाकणारी माणसं होती. तिनं स्टुलाची कड धरली.

"बाबांनी मला पाठवलंय," ती म्हणाली. तिनं ठरवलेलं हसू आणि लाड दोन्ही कुठे गेले कोण जाणे. "तू तिकडे राहायला येशील का, विचारायला. ते पडल्यापासून... त्यांना तू हवा आहेस, दादा. ते म्हणाले, मी विचारलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही, म्हणून तू विचार."

दादा कापलेल्या काचेची कड दगडानं घासत होता. हात थांबला. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा तिला वळकटी घेऊन दारात उभा असलेला मुलगा दिसला. "ते म्हणाले असं?" त्यानं विचारलं. "राहायला म्हणाले? का भेटायला?"

"राहायला म्हणाले. शपथ."

"मग त्यांना म्हणू दे ना," तो म्हणाला.  "काच काय, कुठेही कापता येते. मी आज निघतो. पण त्यांना एकदा म्हणू दे. एवढंच."

तिनं तिथल्या तिथे फोन लावला. बाबांना हल्ली कमी ऐकू येई, त्यामुळे ते फोनवर मोठ्यानं बोलत आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाई. "बाबा, मी दादाकडे आलेय. तो तिकडे यायचं म्हणतोय. बोला त्याच्याशी. तुम्हीच बोला." तिनं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेण्याआधी हात दोनदा पँटला पुसले.

"कोण, तू का?" बाबांचा आवाज आला. "अरे ये की. ये ना, ये." दादानं डोळे मिटले.  काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण बाबांच्या आवाजात आधीच घाई आली होती. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाशी ते वर्षानुवर्षं ज्या आवाजात बोलत आले होते तोच तो, अदबशीर, जरा जास्तच आनंदी. "किती दिवस काढून येतोयस? नाही, तुझी अडचण करून घेऊ नकोस हं. दुकान असतं, मला कळतं. एखादा दिवस आलास तरी पुष्कळ झालं."

ती उठली. तिनं फोनसाठी हात पुढे केला, बाबा, असं नाही, असं तिला ओरडून सांगायचं होतं. पण दादा किंचित वळला, पाठ तिच्याकडे झाली, आणि तिचा हात तसाच राहिला. समोरच्या आरशात तिला त्याचा चेहरा दिसत होता. तो चेहरा पाहुण्याचा असतो तसा नीटनेटका झाला.

"उद्या येतो बाबा," तो म्हणाला. "सकाळी येतो, संध्याकाळी निघेन."

"बरं, बरं," बाबा म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आनंद झाला होता. "पण जेवूनच जा हं. तसाच जाऊ नकोस."